गाडीलाच विचारा की! जुन्या गाड्या, केबल आणि लॅपटॉप: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो होतो की जुनी गाडी गॅरेजला टाकायच्या आधी एखादी स्वस्तातली केबल लावून ती काय म्हणतेय ते स्वतः वाचून बघा. त्यावर इतके प्रश्न आले की या वेळी बाकी सगळं बाजूला ठेवलंय. सगळ्यांना उत्तरं देता आली नाहीत, एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि ज्यांनी नुसता गाडीचा फोटो पाठवून "काय झालं असेल?" विचारलंय त्यांनी कृपया थोडं अजून लिहा.

प्रश्न: काका, वडिलांची २००३ ची वॅगन आर मी वापरतो. ऑनलाइन तो निळा छोटा ब्लूटूथ स्कॅनर मागवला. स्टिअरिंगखाली १६ पिनचं पोर्ट आहे, त्यात तो नीट बसला, त्याची लाइट पण लागली, मोबाइल पेअर झाला, पण ॲप नुसतं गोल गोल फिरतं आणि शेवटी म्हणतं गाडी कनेक्ट होत नाही. मित्राच्या २०१५ च्या गाडीला तोच स्कॅनर चालतो. गाडी खराब आहे का स्कॅनर? (एक वाचक, सातारा)

उत्तर: दोन्ही बरे आहेत, फक्त दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. पोर्टचा आकार सारखा म्हणून आतलं बोलणं सारखं असं नसतं, स्टँडवर सगळ्या लाल एसट्याच उभ्या असतात म्हणून कुठल्याही एसटीत बसलं तर कोरेगाव येतं का? गाडीने स्वतःचे बिघाड ठरलेल्या कोडमध्ये सांगायचे, या पद्धतीला ओबीडी म्हणतात. आपल्याकडे बीएस ४ (प्रदूषणाचा नियम) च्या गाड्यांना एप्रिल २०१० पासून ओबीडी १ आणि एप्रिल २०१३ पासून ओबीडी २ सक्तीचं झालं. अमेरिकेत हेच १९९६ च्या मॉडेलपासून होतं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. म्हणजे तुमच्या गाडीवर तेव्हा असली सक्ती नव्हती, पोर्ट दिलं ते कंपनीच्या स्वतःच्या मशीनसाठी, तुमच्या मोबाइलसाठी नाही.

आणि स्कॅनरची लाइट लागली यावर जाऊ नका. १६ नंबरच्या पिनला सरळ बॅटरीचा प्लस असतो, ४ आणि ५ ला अर्थिंग, त्यामुळे लाइट लागते म्हणजे एवढंच कळलं की बॅटरी जिवंत आहे. (हाच स्कॅनर आठवडाभर लावून ठेवलात तर तीही राहणार नाही, गाडी बंद असताना पण तो करंट खात बसतो. असं करून सकाळी धक्का मारणारे तिघं तरी मला माहितीयेत.)

आता टॉर्च घेऊन खाली वाका. पोर्टची रुंद बाजू वर धरून वरच्या ओळीत डावीकडून १ ते ८, खालच्या ओळीत ९ ते १६. कुठल्या भोकात धातूची पट्टी दिसते ते बघायचं. ६ आणि १४ ला असेल तर कॅन, म्हणजे नव्या जमान्याची भाषा. ७ ला असेल तर के-लाइन, ही जुन्या गाड्यांची एका वायरवरची सावकाश भाषा. जुन्या सुझुकी गाड्यांत बऱ्याचदा ९ नंबरला त्यांची स्वतःची वेगळी डेटा लाइन असते आणि ती तुमच्या स्कॅनरला येतच नाही, कितीही ॲप बदला. त्यातून बाजारातले हे निळे स्कॅनर म्हणजे ईएलएम३२७ नावाच्या मूळ कॅनडियन चिपच्या नकला, त्यांच्यावर व्हर्जन २.१ वगैरे लिहिलेलं असतं पण पूर्ण कमांडच नसतात आत. मग त्या के-लाइनवर अडखळतात, कॅनवर मात्र बऱ्या चालतात.

तुमच्यासाठी सोपा मार्ग म्हणजे मल्टिब्रँड स्कॅनर असलेला ऑटो इलेक्ट्रिशियन. तोही नसेल तर जुन्या एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरवाल्या) सुझुकींमधली लाइट मोजायची पद्धत आहे, डायग्नोसिसचं टर्मिनल अर्थ केलं की चेक इंजिनची लाइट लुकलुकायला लागते. एक लुकलुक, मग थोडं थांबून दोन, म्हणजे १२, म्हणजे सगळं आलबेल. दुसरा आकडा आला तर लिहून घ्या. टर्मिनल कुठलं ते मात्र तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघूनच, अंदाजाने वायर खुपसू नका.

प्रश्न: सर, माझी २००४ ची ऑक्टाव्हिया १.९ टीडीआय. घाट चढताना अचानक दम सोडते, कितीही दाबलं तरी पळत नाही, बाजूला घेऊन चावी बंद करून परत सुरू केली की एकदम ठीक. केकेएल ४०९.१ केबल घेतली, लॅपटॉपवर व्हीसीडीएस लाइट हे गाडी वाचायचं सॉफ्टवेअर टाकलं, पण इंजिन उघडायला गेलं की "नो रिस्पॉन्स फ्रॉम कंट्रोलर". तीन केबल बदलल्या. आता लॅपटॉप बदलू का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: लॅपटॉप राहू दे. तीन केबल बदलणाऱ्या माणसाला आधी नमस्कार, पण दुसरी घ्यायच्या आधीच एक दोन गोष्टी बघायच्या होत्या.

पहिली, ड्रायव्हर. केबलमध्ये एफटीडीआयची चिप असते नाहीतर सीएच३४०, दोघांचे ड्रायव्हर वेगळे. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआयने विंडोज अपडेटमधून असा ड्रायव्हर सोडला होता की नकली चिपचा ओळख नंबरच शून्य व्हायचा आणि केबल मेली असं वाटायचं, खूप आरडाओरडा झाला मग त्यांनी तो मागे घेतला. त्या वेळी बऱ्याच चांगल्या चाललेल्या केबल लोकांनी कचऱ्यात टाकल्या. दुसरी, पोर्ट नंबर. हे सॉफ्टवेअर जुन्या वळणाचं, त्याला कॉम १ ते ४ एवढेच कळतात, आणि विंडोज केबलला देतं कॉम ७ नाहीतर ११. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो नंबर खाली आणा, तिथेच लेटन्सी टायमर १६ असतो तो १ करा. मग सॉफ्टवेअरमधलं टेस्टचं बटण दाबा. टेस्ट पास झाली की केबलचा विषय संपला, पुढे तिला शिव्या द्यायच्या नाहीत.

आता खरा प्रश्न, गाडीत टेप मूळचा आहे का बाहेरून बसवलेला? हसू नका. या पिढीच्या गाड्यांत के-लाइनची वायर रेडिओपर्यंत पण जाते, कारण मूळ रेडिओ पण डायग्नोसिसला उत्तर द्यायचा. बाहेरचा स्टिरिओ तयार प्लगवर लावला की त्याच्या त्या पिनवर भलतंच काहीतरी असतं, आणि ती सगळी के-लाइन प्लसला नाहीतर अर्थला ओढली जाते. एकाच वायरवर इंजिन, एबीएस, एअरबॅग, मीटर सगळे बसलेत, त्यातल्या एकाने भोंगा लावला की बाकीच्यांना बोलता येत नाही, तसंच हे. गाडी चालायला काही फरक पडत नाही त्यामुळे स्टिरिओवाल्याला कळत नाही आणि तुम्हालाही नाही. स्टिरिओ बाहेर ओढा, प्लग काढा, आणि परत बघा.

(छापायला द्यायच्या आधी यांचं परत पत्र आलं. स्टिरिओ काढल्याबरोबर ०१ इंजिन, ०३ एबीएस, १५ एअरबॅग, १७ मीटर, सगळं उघडलं. स्टिरिओ बाराशे रुपयांना मित्राने बसवून दिला होता म्हणे. इंजिनमध्ये एकच कोड, १७९६५.)

छान. १७९६५ म्हणजेच पी१५५७, मागितलं त्यापेक्षा बूस्ट, म्हणजे टर्बोने आत दाबलेल्या हवेचा दाब, जास्त झालं. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, घाबरून दम काढून घेतं, चावी बंद केली की विसरतं, तुमच्या घाटातल्या गोष्टीशी बरोब्बर जुळतंय. आता सॉफ्टवेअरच्या मेझरिंग ब्लॉकमध्ये (चालू आकडे दाखवणारा भाग) ग्रुप ०११ लावा, त्यात मागितलेलं बूस्ट आणि प्रत्यक्ष मिळालेलं बूस्ट शेजारी शेजारी दिसतं. लॅपटॉप दुसऱ्याच्या मांडीवर द्या, चालवताना स्वतः बघायचं नाही. लॉगिंग सुरू करून तिसऱ्या गिअरमध्ये चढ असलेल्या मोकळ्या रस्त्यावर एकदा पूर्ण दाबा. प्रत्यक्षचा आकडा मागितलेल्याला ओलांडून वर जाऊन बसला आणि खाली येईना तर टर्बोचं कंट्रोल कुठेतरी अडकतंय, एक तर नळ्या फाटल्यात किंवा उलटसुलट लागल्यात, एक तर बूस्ट आवरणारा एन७५ वॉल्व, नाहीतर आतला भाग काजळीने जाम. आधी नळ्या, मग वॉल्व, टर्बो सगळ्यात शेवटी. कोड १७९६४ असता तर उलटं, बूस्ट कमी पडतंय, मग पाइप कुठे गळतोय ते शोधायचं. कुणी थेट टर्बो बदला म्हणालं तर त्याला आधी हा लॉग दाखवा आणि त्याचा चेहरा बघा.

प्रश्न: इंडिका व्ही२ डिझेल, २००२. पोर्ट कुठे असतं? सगळं डॅशबोर्ड खोललं. (एक वाचक, बार्शी)

उत्तर: अरेरे. परत बसवा. साध्या व्ही२ डिझेलला मेकॅनिकल पंप आहे, इंजिन चालवायला ईसीयूच नाही, मग बोलणार कोण? चावी बंद केल्यावर डिझेल तोडणारा सोलेनॉइड आणि हीटर प्लग एवढीच काय ती वीज तिच्या इंजिनात. तिचा डायग्नोसिस म्हणजे धुराचा रंग आणि जुना पंपवाला मिस्त्री. प्रीमियर पद्मिनी आणि कार्ब्युरेटरवाली ८०० असणाऱ्यांनीही हेच उत्तर समजावं.

प्रश्न: भाऊ, माझ्या जुन्या पेट्रोल गाडीचा ॲव्हरेज १५ वरून ११ वर आला. प्लग, फिल्टर, कॉइल सगळं झालं. स्कॅनर लावला तर कोड एकही नाही, मेकॅनिक म्हणतो गाडी ओके आहे, पेट्रोलच खराब येतंय. लाइव्ह डेटाचा फोटो पाठवतोय, हायवेवर ८० च्या स्पीडला घेतलाय. (एक वाचक, नागपूर)

उत्तर: फोटो पाठवलात हे फार बरं केलं, उत्तर त्याच्यातच आहे. कुलंट टेम्परेचर, म्हणजे इंजिनमधल्या पाण्याचं तापमान, ६१. नागपुरात, मे महिन्यात, अर्धा तास हायवेवर चालवून, ६१! बाहेरच ४५ असतं तुमच्याकडे.

मला सांगा, दोन चार वर्षांत कधी गाडी गरम झाली होती का आणि त्या वेळी कुणी "थर्मोस्टॅट काढून टाकलाय, आता टेन्शन नाही" असं म्हणालं होतं का? माझी पैज आहे हो म्हणून. ही आपल्याकडची जुनी खोड आहे. थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या गोळीवर चालणारी एक छोटी झडप, इंजिन गरम होईपर्यंत ती रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवून धरते. ती अडकली की इंजिन उकळतं, मग नवी टाकायच्या ऐवजी ती काढूनच टाकतात, पाणी कायम फिरत राहतं, काटा कधी वर जात नाही, मालक खूश. पण ईसीयू बिचारं काट्याकडे बघत नाही, सेन्सरकडे बघतं. त्याला वाटतं इंजिन अजून गारच आहे, सकाळची पहिली दहा मिनिटं चालू आहेत, म्हणून ते पेट्रोल जास्त सोडत राहतं, दिवसभर, वर्षभर. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, इंजिन झिजतं. आणि कोड का नाही? कारण सेन्सर खोटं बोलतच नाहीये, इंजिन खरंच ६१ वर आहे. नव्या ओबीडी २ गाड्यांत यासाठी पी०१२८ हा कोड आहे, इंजिन वेळेत गरम होत नाही म्हणून. जुन्या ईसीयूंना बऱ्याचदा हे विचारायचं सुचलेलंच नसतं.

नवा थर्मोस्टॅट घ्या. बसवायच्या आधी पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडा (पातेलं जुनं घ्या आणि घरात विचारून घ्या), अंगावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो, त्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. बसवल्यावर लाइव्ह डेटा ८५ ते ९५ च्या मधे स्थिर राहिला की झालं. गाडी परत तापायला लागली तर मूळ आजार रेडिएटरमध्ये नाहीतर फॅनमध्ये आहे, जो तेव्हा कुणी शोधलाच नव्हता.

जाता जाता एक फुकटची टेस्ट सगळ्यांसाठी. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ मारायच्या आधी नुसती चावी ऑन करून कुलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं टेम्परेचर बघा. रात्रभरात सगळं लोखंड एकाच तापमानाला आलेलं असतं, दोन्ही आकडे दोन तीन डिग्रीच्या आत पाहिजेत. एक २६ आणि दुसरा ४० दाखवत असेल तर एक सेन्सर फेकतोय. आणि आकडा उणे ४० दिसला तर तुम्ही सियाचिनला नाही आहात, सेन्सरची वायर तुटलीये किंवा कनेक्टर निघालाय. उंदरांना विचारा.

प्रश्न: माझ्या २०१३ च्या पेट्रोल गाडीला चेक इंजिन लाइट आली. गॅरेजमध्ये मशीन लावून सांगितलं ऑक्सिजन सेन्सर गेला, साडेसहा हजार घेतले. आठ दिवसांत लाइट परत. आता म्हणतात दुसरा पण सेन्सर बदलावा लागेल. मला यातलं काही कळत नाही म्हणून फसवतायत का? पहिल्या वेळच्या बिलावर मी हट्टाने कोड लिहून घेतला होता, पी०१७१. (एक वाचिका, नाशिक)

उत्तर: ताई, कोड लिहून घेतलात तिथेच तुम्ही अर्ध्या गॅरेजवाल्यांच्या पुढे गेलात. फसवतायत असं मी म्हणणार नाही, बहुतेक त्यांना मशीन वाचता येतं पण मशीन काय म्हणालं ते कळत नाही. पी०१७१ चा अर्थ "ऑक्सिजन सेन्सर खराब" असा नाहीच मुळी. त्याचा अर्थ, मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी आहे, आणि मी भरपूर भरपाई करूनही जमत नाहीये. हे सांगितलं कुणी तर ऑक्सिजन सेन्सरने. म्हणजे ज्याने चोर आला म्हणून ओरड केली त्यालाच पकडून नेलं.

त्यांना फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती कमी-जास्त करतंय ते, दाखवायला सांगा, शॉर्ट आणि लाँग असे दोन टक्क्यांतले आकडे असतात. शून्याच्या आसपास, अधिक उणे १० च्या आत असले की गाडी समाधानी. तुमच्याकडे अधिक २० च्या वर असणार. आता गाडी न्यूट्रलला उभी असताना आकडा बघायचा आणि मग रेस धरून २५०० वर बघायचा. उभी असताना खूप जास्त आणि रेस दिल्यावर उतरला तर कुठून तरी चोरून हवा शिरतेय, इनटेकची नळी, मॅनिफोल्डचं पॅकिंग, ब्रेक बूस्टरचा पाइप, कारण उभ्या गाडीत एकूण हवाच कमी असते, त्यात थोडी चोरीची हवा पण मोठी वाटते. उलट झालं, म्हणजे उभी असताना बरा आणि रेस दिली की वाढत गेला, तर पेट्रोलच पुरत नाहीये, पंप, फिल्टर, नाहीतर हवा मोजणारा सेन्सर मळलाय. सेन्सरच्या आधी सायलेन्सर फुटला असेल तरी बाहेरची हवा आत ओढली जाऊन असाच गोंधळ होतो. यातलं काहीही शोधायला सुटा भाग विकत घ्यावा लागत नाही. नळी निघाली तर तीन-चारशे रुपयांचं काम.

आणि कोड पुसू देऊ नका, निदान फ्रीझ फ्रेम लिहून घेतल्याशिवाय नाही. कोड पडला त्या क्षणी स्पीड किती, इंजिन किती गरम, आरपीएम किती, हे ईसीयू फोटो काढल्यासारखं जपून ठेवतं आणि पुसलं की ते पण जातं. मी स्वतः हा शहाणपणा करून बसलोय. माझी एक जुनी गाडी मधेच बंद पडायची, केबल लावली, कोड आला, आणि मी उत्साहात तो न लिहिताच पुसला, बघू परत येतो का म्हणून. आला की, अडीच महिन्यांनी, खंबाटकी घाटात, मागे सगळे ट्रक हॉर्न मारतायत आणि बायको काहीच बोलत नाहीये. क्रँक सेन्सर होता.

प्रश्न: १९९९ ची होंडा सिटी, आईची आठवण म्हणून ठेवलीय. चेक इंजिन लाइट लागते. इथे कुणाकडे या गाडीचा स्कॅनर नाही. (एक वाचक, म्हापसा)

उत्तर: या गाडीला स्कॅनर नको, कागदाला लावायची तारेची क्लिप पुरे. डॅशबोर्डखाली, बहुतेक डावीकडच्या बाजूला, दोन वायरींचा एक सुटा कनेक्टर लोंबत असतो, कुणालाच न जोडलेला. चावी बंद असताना त्याची दोन टोकं क्लिपने जोडा आणि मग चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. चेक इंजिनची लाइट लुकलुकेल. लांब लुकलुक म्हणजे १०, छोटी म्हणजे १. एक लांब आणि चार छोट्या म्हणजे १४. नुसत्या सहा छोट्या म्हणजे ६, कुलंट सेन्सर. ४ म्हणजे क्रँक सेन्सर, ७ म्हणजे थ्रॉटल पोझिशन, १ म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. एकाहून जास्त असतील तर एकामागून एक येतात आणि परत पहिल्यापासून सुरू होतात, वही पेन घेऊन बसा.

पिवळ्या कनेक्टरला मात्र कधीही हात लावायचा नाही, कुठल्याच गाडीत, तो एअरबॅगचा असतो. आणि तुमच्याकडे खारी हवा, चार महिने पाऊस, सेन्सर मागवायच्या आधी त्याचा कनेक्टर काढून हिरवी बुरशी आहे का बघा आणि इंजिनची अर्थिंगची वायर घासून परत लावा. त्यातच निम्मे कोड जातील.

प्रश्न: पॅलिओ १.२ ला १६ पिनचं पोर्ट नाही, तीन पिनचं काहीतरी आहे. मग? (दोघा-तिघांचा प्रश्न, त्यातले एक कुर्ल्याचे, ज्यांच्या गावातच ही गाडी बनायची)

उत्तर: तेच पोर्ट. तीन पिन ते सोळा पिन असा ॲडॉप्टर मिळतो, त्याला लाल आणि काळ्या अशा दोन चिमट्या असतात कारण तीन पिनमध्ये बॅटरीचा प्लस येत नाही, तो तुम्हाला बॅटरीवरून द्यायचा. चिमट्या उलट्या लावल्या तर केबल गेली. वर सांगितलेलीच केकेएल केबल आणि मल्टीईसीयूस्कॅन हे सॉफ्टवेअर, फुकट आवृत्तीत काही गोष्टी बंद आहेत पण कोड वाचायला भागतं. यादीत तुमचं इंजिन आणि ईसीयूचं मॉडेल बरोबर निवडा, इथेच सगळे चुकतात. ईसीयूच्या अंगावर स्टिकर असतो त्यावरून बघा.

प्रश्न: सर मी डिप्लोमाला आहे, जुन्या गाडीचा डेटा आर्डुइनोवर (छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड) वाचायचा प्रोजेक्ट करतोय. ७ नंबरच्या पिनची वायर डायरेक्ट त्याच्या आरएक्सला, म्हणजे डेटा घेणाऱ्या पिनला, लावली तर चालेल का? (एक विद्यार्थी, इस्लामपूर)

उत्तर: चालेल, एकदाच. के-लाइन १२ व्होल्टवर चालते आणि तुझा आर्डुइनो ५ वर, मधे एल९६३७ सारखी चिप टाक, आणि लाइन ५१० ओहमने बॅटरीच्या प्लसकडे ओढून ठेव. सुरुवात मजेशीर असते. सेकंदाला फक्त ५ बिट इतक्या रांगत्या स्पीडने ३३ हा हेक्स पत्ता पाठवायचा, दोन सेकंद जातात त्यात. मग ईसीयू १०४०० च्या स्पीडने ५५ पाठवतं, मग दोन की-बाइट, त्यातला दुसरा तू उलटा करून परत पाठवायचा, आणि ईसीयू उत्तरात ३३ उलटं करून म्हणजे सीसी पाठवतं. हा राम राम झाला की पुढे प्रश्न विचारायचे. वायर एकच असल्यामुळे तू पाठवलेलं तुलाच परत ऐकू येतं, ते गाळायला विसरू नकोस, माझी एक अख्खी रात्र त्यात गेलीय.

उत्तर ४१ ०५ ७बी आलं तर ४१ ०५ म्हणजे कुलंटचं उत्तर, आणि हेक्समधलं ७बी म्हणजे साध्या आकड्यांत १२३, त्यातून ४० वजा, कुलंट ८३ डिग्री. आरपीएमला दोन बाइट येतात, पहिला गुणिले २५६ अधिक दुसरा, भागिले ४. म्हणजे ०सी आणि ८० आले तर ३२००, भागिले ४, ८०० आरपीएम, उभ्या गाडीला अगदी बरोबर. हे सगळं ओबीडी २ मानणाऱ्या गाडीसाठी, आधी गाडी कुठली मिळतेय ते बघ आणि मग प्रोजेक्टचं नाव ठरव.

प्रश्न: सेकंड हँड गाडी घ्यायचीय, २०१४ ची. केबल लावून खरे किलोमीटर कळतात का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: खात्रीने नाही. बऱ्याच गाड्यांत किलोमीटर मीटरमध्येच साठवलेले असतात, आणि मागे फिरवणारा तेच फिरवतो. काही गाड्यांत इंजिनच्या नाहीतर दुसऱ्या कंट्रोलरमध्येही आकडा असतो, दोन जुळले नाहीत तर समजायचं ते समजा, पण स्वस्तातल्या स्कॅनरला तो दिसेलच असं नाही.

त्यापेक्षा दुसरंच बघा. आधी नुसती चावी ऑन करा, चेक इंजिनची लाइट लागलीच पाहिजे, इंजिन सुरू झाल्यावर विझली पाहिजे. चावी ऑनला लागलीच नाही तर बल्ब काढलाय. मग स्कॅनर लावून रेडिनेस मॉनिटर बघा. कोड पुसले की ईसीयूच्या स्वतःच्या काही तपासण्या "अजून पूर्ण नाहीत" अशा होतात आणि पूर्ण व्हायला दोन चार दिवसांचं नेहमीचं चालवणं लागतं. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीच्या तपासण्या सगळ्या अपूर्ण कशा काय? आणि गाडी देत असेल तर "कोड पुसल्यापासूनचं अंतर" हा आकडा बघा. माझ्या भाच्यासाठी गाडी बघायला गेलो होतो, मालक शपथेवर सांगत होता की आठ वर्षांत लाइट कधी लागलीच नाही, आणि स्क्रीनवर अंतर होतं ११ किलोमीटर. भांडलो नाही, मोबाइल त्याच्या हातात दिला आणि चहा सांगितला. चाळीस हजार तिथेच कमी झाले, पण गाडी आम्ही घेतली नाही.